काचेखालचा वारसा

माझ्या धाकट्या दिराला आमच्या घरात सगळे ‘कंपनी’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात अशी त्याची समजूत आहे. ‘आमची कंपनी’ या दोन शब्दांशिवाय त्याचं वाक्य सुरूच होत नाही. ही कंपनी इटलीत आहे, मोटारसायकली बनवते, आणि हा माणूस जगात आहे हे तिच्या गावीही नाही. हा इथे मोठ्या रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये विक्रेता आहे. पगार देतो तो शोरूमचा मालक, आणि त्याचा खरा धंदा सिमेंटच्या पायपांचा. पण दीर छातीवर हात ठेवून सांगतो, “वहिनी, आम्ही गाड्या विकत नाही. आम्ही वारसा सोपवतो.”

हे तो आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा सांगतो, तोंडात घास असताना. समोरच्याच्या ताटात कण उडतात आणि त्याला पत्ताही नसतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या तापात मी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आहेत, त्याचे चिखलाचे मोजे धुतले आहेत. तेव्हा कधी किळस वाटली नाही. आता त्याचं ते ‘सोपवतो’ ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

माझे सासरे रेडिओ दुरुस्त करायचे. बोळात, शिंपी आणि कुलूपवाला यांच्या मधे त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर सासऱ्यांना स्टुलावरून उठता यायचं नाही. भिंतीभर पोटं उघडी पडलेले रेडिओ. राळेचा धूर. टेबलावर तापलेली कैची, म्हणजे तारा जोडायला डाख द्यायची सळई; तिला ते कैची का म्हणायचे कुणाला ठाऊक. दिवसभर खरखर, मधेच कुणाचं तरी गाणं, मधेच बातम्यांतलं अर्धं वाक्य, पुन्हा खरखर. शाळेतल्या पोरांनी माझ्या दिराचं नाव ‘खरखर’ ठेवलं होतं. तो दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचा. सासूबाईंनी डबा द्यायला पाठवलं तर डबा शिंप्याकडे ठेवून पळायचा. वडील काय करतात असं कुणी विचारलं तर म्हणायचा, “कम्युनिकेशनमध्ये आहेत.”

सासऱ्यांना हे कळत होतं. ते हसायचे. “खोटं काय त्यात? आहेच मी कम्युनिकेशनमध्ये. फक्त मधे तार तुटलेली असते.”

पुढे दिराने नोकऱ्या धरल्या त्या सगळ्या विकण्याच्या. जिभेवर साखर होती, नोकरी मिळायची. आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली. तेव्हा आमच्या घरातलं पाणी त्याला विष वाटायचं आणि कुणाच्याही घरी तो ग्लास उजेडात धरून बघायचा. मग गाद्या विकल्या. माझी आई आमच्याकडे आली होती, तिच्या पाठीत दोन बोटं रुतवून हा म्हणाला, “आमच्या कंपनीने कण्याचा अभ्यास केलाय.” आई म्हणाली, “माझा कणा तुझ्या कंपनीच्या आधीपासून आहे, हात काढ.” मग मनगटी घड्याळं. प्रत्येक वेळी कंपनी बदलली की याचे पूर्वज बदलायचे. जपानी होते ते स्विस झाले. आपल्या घराण्यात बोळातलं एक दुकान आहे हे मात्र कुठल्याच कंपनीत असताना त्याला आठवलं नाही.

आणि मग तो या लाल मोटारसायकलींकडे आला.

त्यातल्या एका गाडीने आमच्या घराची झोप घालवली, म्हणून तिच्याबद्दल सांगते. मी स्वतः रोज स्कूटर चालवते, त्यामुळे दोन चाकांचा मला विटाळ नाही. पण ही गाडी बघितली की कुणीतरी बकरीला बगळ्याची चोच लावलीय असं वाटतं. मातीत, दगडांत उड्या मारणाऱ्या शर्यतीच्या गाड्या असतात ना, तशी ही उंच आणि सडपातळ. पण चाकं मात्र गुळगुळीत डांबरी रस्त्याची. हँडल इतकं रुंद की आमच्या दारातून आत येणार नाही. सीटखाली सायलेन्सरची दोन तोंडं, बसणाऱ्याच्या बुडाखालून आग ओकणारी. वळणावर म्हणे या गाडीवरचा माणूस नुसता झुकत नाही, अख्खा पाय पुढे फेकतो, मातीतल्या शर्यतीत फेकतात तसा. “तीच तर मजा आहे वहिनी! ही गाडी माणसाला बिघडवते.” दीर हे असं सांगायचा की बिघडणं हा एखादा पुरस्कार आहे. आणि सांगायचा कुणासमोर? माझ्या मुलासमोर. मुलगा वीस वर्षांचा, काकाच्या प्रत्येक शब्दाला डोळे विस्फारणारा. रात्री पाणी प्यायला उठावं तर याच्या खोलीत मोबाइलचा उजेड आणि त्यात कुणीतरी पाय फेकत वळतंय.

“काका, व्हॉल्व्हचं सांग ना,” मुलगा म्हणायचा.

मग कंपनी सांगायची. जगातल्या बाकी सगळ्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग त्याला बंद करते. आमच्या कंपनीत तसं नाही. आमच्या कंपनीत व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळी दांडी असते. स्प्रिंगच्या भरवशावर आम्ही काही सोडत नाही.

सासरे कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले असायचे. आता हात थरथरतात, दुकान कधीच बंद झालं. ते म्हणाले, “आमच्या रेडिओच्या व्हॉल्व्हलाही स्प्रिंग नव्हती रे.”

रेडिओतल्या काचेच्या नळीलाही ते व्हॉल्व्हच म्हणायचे; मी आणि माझा नवरा पोट धरून हसलो. दीर हसला नाही. पण त्याची मान झटकन वळली, कारण त्याला काहीतरी सुचलं होतं. त्या वेळी ते मला कळलं नाही.

त्याच्या वारशाची गोष्ट अशी होती: ही कंपनी सुरुवातीला मोटारसायकली करतच नव्हती. रेडिओचे सुटे भाग करायची. एक बाप आणि त्याची मुलं, यांनी मिळून काढलेली. मग युद्ध आलं, कारखान्यावर बॉम्ब पडले, सगळं उद्ध्वस्त. त्या राखेतून उठून त्यांनी सायकलला जोडायचं एक एवढंसं इंजिन केलं, आणि तिथून ही लाल गाडी. हे सांगताना त्याचा आवाज घोगरा व्हायचा. “एक बाप आणि त्याची मुलं,” इथे तो थांबायचा. डोळे खरोखर ओले व्हायचे. मी ताटातलं उष्टं गोळा करत त्याच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, अरे निर्लज्जा, तुझा बाप दोन हातांच्या अंतरावर बसलाय.

सासऱ्यांचा स्वतःचा असा एकच रेडिओ घरात होता. दुरुस्तीला आलेला नव्हे. त्यांनी स्वतः बांधलेला. सासूबाईंच्या मोडक्या कपाटाच्या फळ्या तासून पेटी केली होती. तबकडीवरचे आकडे त्यांनी बारीक कुंचल्याने रंगवले होते, आणि त्यातला सात जरा तिरका होता, कारण तेव्हा मोठा मुलगा, म्हणजे माझा नवरा, मांडीवर चढला होता. तो लावला की आधी बराच वेळ काहीच होत नसे, मग पिवळा उजेड, मग लांबून यावा तसा आवाज. सासूबाई गेल्यावर सासरे रोज सकाळी तो लावायचे. ऐकायचे की नाही देव जाणे. हात पेटीवर ठेवून बसायचे. पेटी गरम होते, तेवढ्यासाठी.

अलीकडे तो फार खरखरायला लागला होता. थरथरत्या हातांना आता डाख देता येत नव्हता. अशात एका संध्याकाळी दीर आला आणि म्हणाला, “बाबा, द्या इकडे. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, जुने रेडिओच करतो. नवा करून आणतो.”

सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. आयुष्यात पहिल्यांदा या मुलाने त्या पेटीला स्वतःहून हात लावला होता. त्यांनी जुनी चादर आणवली, पेटी तिच्यात बांधायला लावली, दोनदा सांगितलं, “मागची पट्टी हळू काढायला सांग. आणि डावीकडचा व्हॉल्व्ह बदलू नकोस म्हणावं, तो चांगलाय.” दीर “हो हो” करत जिना उतरला.

त्यानंतर रोज सकाळी विचारणं सुरू झालं. “सूनबाई, त्या माणसाचा फोन?” मी दिराला फोन करायची. “सुटे भाग मिळत नाहीत, वहिनी. जुनं काम आहे, वेळ लागतो.” सासरे हे ऐकून समाधानाने मान हलवायचे. “बरोबर आहे. घाई करणारा माणूस वाईट. हा चांगला दिसतोय.”

मी शोरूमला गेले ती रेडिओसाठी नव्हे. मुलगा कॉलेजला म्हणून निघाला आणि त्याच्या मित्राच्या तोंडून निसटलं की काका आज त्याला त्या गाडीची चक्कर देणार आहे. मी भाजी गॅसवर अर्धी टाकून स्कूटर काढली.

शोरूम म्हणजे काच, काच आणि काच. फरशी इतकी चकचकीत की स्वतःची हनुवटी खालून दिसावी. आत एक गोडसर वास. नंतर कळलं की तो यंत्रातून सोडतात, चामड्याचा वास म्हणून. चामड्याला असा वास कधी येतो? माझा मुलगा त्या चोचीच्या गाडीवर बसला होता. दोन्ही पायांची फक्त बोटं जमिनीला टेकत होती, आणि तो बोटांवर उभ्या पोरासारखा डुगडुगत होता. दीर बाजूला उभा राहून म्हणत होता, “खांदे सैल. गाडीला वाटलं पाहिजे की तू तिला घाबरत नाहीस.”

“मला वाटतंय ते ऐक आधी,” मी म्हटलं. “उतर.”

“आई! नुसता बसलोय!”

“उतर म्हटलं ना.”

“वहिनी, अहो, चावी माझ्या खिशात आहे,” दीर हसला. आजूबाजूच्या दोन-तीन माणसांकडे बघून डोळा मारल्यासारखं केलं, की बघा, आई लोक. “या ना, तुम्हाला आमचा वारसा-कोपरा दाखवतो.”

त्याने तो दाखवायला नको होता. त्याच्याही ते अर्ध्यात लक्षात आलं असावं, कारण त्याची पावलं मंदावली. पण मी पुढे गेले होते.

भिंतीवर बॉम्बने पडलेल्या कारखान्याचा मोठा फोटो. खाली छोट्या इंजिनाचं चित्र. आणि मधोमध, काळ्या चौथऱ्यावर, काचेच्या पेटीत, आमचा रेडिओ. लाकडाला पॉलिश केलेलं. तबकडीच्या आत लाल दिवा. पुढच्या फळीवर चार स्क्रूंनी पितळी पाटी ठोकलेली, त्यावर इटालियनमध्ये काहीतरी आणि खाली आपल्या भाषेत: ‘जिथून सुरुवात झाली. संस्थापकांच्या हातचा रेडिओ.’

तिरका सात माझ्याकडे बघत होता.

मी दिराला हाताला धरून पाण्याच्या यंत्रामागे नेलं.

“हे काय आहे?”

“हळू बोला, वहिनी.”

“तू तो दुरुस्तीला नेला होतास.”

“नेणारच आहे! अहो, कंपनीचे साहेब येतायत नव्या मॉडेलच्या उद्घाटनाला. प्रत्येक शोरूमने वारसा-कोपरा करायचाय, आणि सगळे फोटो लावून मोकळे होतायत. मालक म्हणाले, काहीतरी अस्सल आणा. मी म्हटलं, आणतो. माझं प्रमोशन अडकलंय यात.”

“अस्सल? हा तुझ्या आईच्या कपाटाचा आहे.”

“कुणाला कळतंय? तसेच दिसायचे तेव्हाचे सगळे. आणि वहिनी, एका अर्थाने खरंच आहे की. तेही रेडिओवाले, आपणही रेडिओवाले.”

‘आपण’ म्हणाला. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या दुकानाला ‘आपण’ म्हटलं, आणि तेही चोरी झाकायला. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. शिकलेली बाई असल्यामुळे मी थुंकी गिळली, आणि मग गिळल्याचीही शिसारी आली.

“उद्घाटन झालं की त्याच संध्याकाळी आणतो. शप्पथ.”

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे ना. पोटाचा प्रश्न आहे त्याच्या.” ‘जाऊ दे’ हा आमच्या घरातला सगळ्यात जुना रहिवासी आहे, भाडंही देत नाही.

पण दुसऱ्या सकाळी सासऱ्यांनी पुन्हा फोनचं विचारलं तेव्हा माझ्याने ‘सुटे भाग मिळत नाहीत’ म्हणवेना. मी म्हटलं, “बाबा, रेडिओ शोरूममध्ये आहे. तिथे लोकांना बघायला ठेवलाय.”

“कुठे? त्याच्या दुकानात?”

“हो.”

“माझा?”

“हो.”

त्यांनी गालांवरून हात फिरवला, दाढी किती वाढलीय ते बघतात तसा. “बघ,” ते म्हणाले, “मला वाटायचं त्याला लाज वाटते.” त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून पाटीचं सांगायला माझी जीभ उचलेना. “मला घेऊन चल, सूनबाई. आपण मधे मधे करायचं नाही. मागे बसायचं. तो लोकांना काय सांगतो ते फक्त ऐकू.”

मग रोज तेच. उद्घाटन कधी आहे? पांढरा सदरा धुवून ठेव. तो सांगेल का, की पेटी कपाटाची आहे? न सांगितलं तरी चालेल म्हणा. ‘वडिलांनी केलाय’ एवढं बोलला तरी पुरे.

मी दिराला फोनवर म्हटलं, “बाबा येणार आहेत. त्यांना वाटतंय तू त्यांचं नाव घेणार. पाटी काढ.” तो म्हणाला, “त्यांना आणू नका, वहिनी. गर्दीत त्रास होईल त्यांना.” आणि फोन बंद.

मी आणलं. नसतं आणलं तर त्यांनी माझ्याही डोळ्यांत बघणं सोडलं असतं.

उद्घाटनाच्या दिवशी शोरूममध्ये लाल फुगे, लाल गालिचा, लाल कपड्याखाली झाकलेली नवी गाडी. तिथे जमलेल्या पोट सुटलेल्या पुरुषांच्या अंगात शर्यतीची घट्ट जाकिटं होती, बटणं श्वास रोखून बसलेली. एक जण दुसऱ्याला बुटाचा तळ दाखवत होता, वळणावर पाय घासून झिजलेला. आणि माझ्या मुलाने माझ्या कानात सांगितलं की त्या माणसाने तो गॅरेजमध्ये घासून घेतलाय, सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, बरोबर जागी आलोय आपण.

सासरे मागच्या रांगेत बसले. पांढरा सदरा, विंचरलेले केस, दोन्ही हात काठीवर. खुर्च्यांमधून त्यांना काचेची पेटी अर्धी दिसत होती. ते मान वाकडी करून तेवढीच बघत होते.

दिराने आम्हाला बघितलं आणि त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच वाळलं. शोरूमचा मालक शेजारीच होता, त्याने विचारलं, “घरची मंडळी का?” दीर म्हणाला, “भावाकडची.” बाप भावाकडचा झाला.

मग तो बोलायला उभा राहिला. चांगला बोलतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. राख, बॉम्ब, सायकलचं इंजिन, स्प्रिंगशिवायचे व्हॉल्व्ह. “एक बाप आणि त्याची मुलं,” तो म्हणाला आणि थांबला. सासरे पुढे सरकून बसले. मी त्यांच्या दंडाला हात लावला. दंड ताठ झाला होता.

“आणि हा,” दीर काचेकडे वळला, “हा त्यांच्या हातचा रेडिओ. इटलीतल्या एका संग्राहकाकडून खास मागवलेला. हे सुतारकाम बघा. हे हाताने रंगवलेले आकडे बघा. मित्रहो, ही माणसं वेगळ्याच मातीची होती.”

टाळ्या वाजल्या. माझ्या मुलाचे हात वर आले होते ते हवेतच राहिले. तिरका सात त्यालाही ओळखता येतो. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून तो आकडे त्यावरच शिकला.

समोरचा एक पाहुणा, कंपनीकडून आलेला, म्हणाला, “वा! वाजतो का अजून?”

“साहेब, एवढा जुना. आम्ही हातही लावत नाही.”

तेव्हा सासरे उठले. रागाने नव्हे. कुणी विचारलं ‘वाजतो का’ की ज्या सवयीने माणूस उठतो, त्या सवयीने. “वाजतो, वाजतो,” असं पुटपुटत, खुर्च्यांच्या पाठी धरत ते चौथऱ्यापाशी गेले. “मागची तार निसटली असेल. थांबा हं.” ते पेटीच्या मागे वळले आणि काचेला हात टेकून वाकले.

“आजोबा, हात नका लावू!” सुरक्षारक्षक धावला.

मालकाने कपाळाला आठ्या घालून दिराला विचारलं, “कोण आहेत हे?”

तिथे बसलेला प्रत्येक जण दिराकडे बघत होता. मी बघत होते, माझा मुलगा बघत होता, आणि काचेच्या पलीकडून वाकलेले सासरे मान वर करून बघत होते. खरं बोलायला दोन शब्द लागत होते. माझे वडील.

“पाहुणे आहेत,” दीर म्हणाला. “वय झालंय, साहेब. गोंधळ होतो त्यांचा.”

सासरे तसेच वाकलेले होते. आता मीही त्यांच्याजवळ पोचले होते आणि मागून मलाही ते दिसलं. मागची पट्टी नव्हती आणि रेडिओची पेटी रिकामी होती. आतलं सगळं काढून टाकलेलं. व्हॉल्व्ह, तारा, लाऊडस्पीकर, काहीच नाही. सासूबाईंच्या कपाटाच्या कोरड्या फळ्या, आणि तळाला चिकटपट्टीने लावलेली लाल दिव्यांची एक माळ. आतलं सामान कुठे गेलं ते नंतर मुलाने शोधून काढलं. गॅरेजमागच्या पिंपात, जळक्या ऑइलच्या फडक्यांबरोबर.

सासरे सरळ झाले. त्यांनी सुरक्षारक्षकाचा हात हळूच बाजूला केला आणि कंपनीच्या पाहुण्याला नीट, स्पष्ट सांगितलं, “बरोबर म्हणतायत ते. माझा गोंधळ झाला. हा माझा नव्हे. माझा वाजायचा.”

लोक कनवाळूपणे हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात चिकटलाय, च्युइंगमसारखा. कुणीतरी त्यांना पाण्याची बाटली दिली, तीही लाल. मागून ढोल वाजवल्यासारखं संगीत सुरू झालं, गाडीवरचा कपडा ओढला गेला आणि सगळे फोटो काढायला धावले.

आम्ही टॅक्सीपाशी पोचलो तेव्हा दीर मागून पळत आला. कपाळाला घाम, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. मला वाटलं आता पाया पडेल. निदान रडेल.

“बाबा, रागावू नका. संध्याकाळी पाटी काढून घेऊन येतो.”

“कशाला?” सासरे म्हणाले. “राहू दे तिथेच. तुमच्या लोकांना आवडलाय.”

आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं: त्याला सुटल्यासारखं वाटलं. चेहरा उजळला. तो खरोखर खूश झाला. “थँक यू, बाबा! मालक पण हेच म्हणत होते, कायमचा ठेवू म्हणून.” मग त्याने माझ्या मुलाच्या खांद्यावर थाप मारली. “आणि तू उद्या ये. उद्या चक्कर नक्की.” मुलाने खांदा काढून घेतला, टॅक्सीत आजोबांशेजारी बसला आणि दार ओढून घेतलं. त्याला ती गाडी नको झाली असं मी म्हणणार नाही. मोबाइलमध्ये अजून तेच चालू असतं आणि माझा जीव अजून तसाच टांगलेला असतो. पण काकाच्या हातून नको, एवढं झालं.

रविवारी दीर जेवायला आला, पेढे मिळाल्यासारखं तोंड करून. प्रमोशन झालं होतं. “बाबांनी स्वतः दिलाय तो रेडिओ,” असं तो माझ्या नवऱ्याला सांगत होता, आणि माझा नवरा ‘जाऊ दे’ म्हणण्यासाठी तोंड उघडून, माझ्याकडे बघून, मिटून बसला.

सासरे खोलीतून बाहेर आले. दिराला बघून थांबले, आणि आपली नेहमीची खुर्ची पुढे करत म्हणाले, “या. कधी आलात? बसा ना, उभे का?”

“अहो बाबा, बसतो मी. तुमची खुर्ची आहे ती.”

“छे छे, तुम्ही बसा. सूनबाई, यांना आधी वाढ. घाईत असतील.”

जेवताना त्यांनी त्याला भाजी हवी का विचारलं, काम कसं चाललंय विचारलं, घर इथून लांब पडतं का विचारलं. परक्या, बऱ्या माणसाशी बोलतात तसे बोलले. आवाजात कुठेही धार नव्हती. माझा मुलगा ताटात बघत होता. नवऱ्याने घास घेणं थांबवलं होतं. दीर मात्र खुलत गेला. कंपनीची नवी योजना सांगितली, इटलीला जाण्याची शक्यता सांगितली. सासरे प्रत्येक वाक्याला म्हणत होते, “अस्सं? छान, छान. मोठी माणसं तुम्ही.”

जेवण झाल्यावर तो हात धुवायला स्वयंपाकघरात आला. नळाखाली हात धरून, माझ्याकडे वळून, अगदी मनापासून आनंदाने म्हणाला, “बघितलंत ना, वहिनी? बाबा आता मला मान देऊन बोलतात.”

मी त्याला टॉवेल दिला नाही. तो जाकिटाला हात पुसत बाहेर गेला.